लोडवर मिस

३ एप्रिल २०२५, गुरुवार. दुपारी ४

आज आपल्या वावरात विमान उतरलं. गहू निघून आठ दिवस झालेत, जमीन सपाट. विमान अगदी छोटं आहे. तीन चाकं, वर कापडी पंख, एकामागे एक दोन सीटा, मागे इंजिन आणि त्याच्यामागे पंखा. चालवणारा कुलदीप, राहणार जानेफळ. यात्रेत, कार्यक्रमात वरून फुलं टाकायचं काम करतो. सगळ्या परवानग्या आहेत म्हणे. सुलतानपूरवर आला आणि इंजिन खोकायला लागलं, म्हणून खाली आला.

सगळं गाव पाहायला जमलं. मी गर्दी बाजूला केली आणि ओळख करून दिली. मी उत्तमराव. बत्तीस वर्षं ऑइल इंजिन, थ्रेशर, ट्रॅक्टर दुरुस्त करतोय. इंजिन म्हणजे इंजिन, ते जमिनीवर असो की आभाळात. कुलदीप म्हणाला, काका, दुरुस्त झालं तर तुम्हाला एक चक्कर मारून आणीन.

मी विचारलं, लग्नाच्या मांडवावरून मारता येईल का? म्हणाला, येते की.

२० तारखेला इंद्रभानच्या धाकट्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न आहे. गावातच. देव आहे, यावर आज माझा पूर्ण विश्वास बसला.

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११

पेट्रोलच्या फिल्टरमध्ये कचरा होता. काढला. इंजिन सुरळीत. एकूण वेळ चाळीस मिनिटं. कुलदीप बघत राहिला. मी साधेपणाने म्हणालो, यात काय एवढं. मनात मात्र पुष्कळ होतं.

पुन्हा कचरा जायला नको म्हणून सगळं नीट झाकून-बांधून ठेवलं. टाकीच्या झाकणाखाली पॉलिथिनचा डबल तुकडा घालून घट्ट आवळलं. मी प्रत्येक गाडीला बसवतो. आमच्याकडे धूळ फार. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

कुलदीप बहिणीकडे गेला, १४ तारखेला येतो म्हणाला. तोवर फुल रेसवर चालवून बघा म्हणाला, पण विमान पक्कं बांधून. दहा दिवस विमान माझ्या ताब्यात.

आता योजना. इंद्रभान माझा साडू. लहान साडू. त्याची बायको संजीवनी ही आमच्या सौ.ची धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नात त्याने जी पत्रिका छापली, तिच्यात निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक, विनीत मिळून एकशे बारा नावं होती. त्यात मी नव्हतो. मी सर्वात खाली होतो, 'किलबिल'मध्ये. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! चिनू, परी, उत्तमराव, गोलू.' मी एक्कावन्न वर्षांचा होतो.

प्रेसवाल्याची चूक झाली म्हणे. तीन वर्षं झाली, अजून चौकात कोणी भेटलं की म्हणतं, "काय उत्तमभाऊ, यायचं हं!"

संकल्प: ऐन लग्नात आभाळातून बदला. तपशील उद्या.

६ एप्रिल, रविवार. रात्री ९

फुल रेसची चाचणी. विमानाच्या मागच्या दांड्याला दोर, दोराचं टोक कडुनिंबाला. मी सीटवर, हेल्मेट घालून. हळू रेसवर इंजिन कसं अगदी गाणं म्हणत होतं. मग पूर्ण रेस दिली. दीड मिनिट उत्तम. मग तडतड, मग मिस मारायला लागलं, मग दमच सोडला. रेस कमी केली की पुन्हा शहाणं. पुन्हा लोड दिला की पुन्हा तेच.

या इंजिनाला मी दोन दिवसांपूर्वी जीवदान दिलं. उपकाराची जाणीव नाही. याचाही समाचार घ्यावा लागेल.

दुसरी गोष्ट. पंख्याचा वारा मागे जातो हे मला माहीत होतंच, पण मागे घर आहे हे त्या क्षणी लक्षात नव्हतं. सौ.ने रुखवतासाठी केलेल्या कुरडया बाजेवर वाळत होत्या. काही मेहकर रोडवर सापडल्या. सौ. म्हणाली, "पोरीच्या रुखवताच्या कुरडया होत्या त्या. तुमाले उडाचंच असन तं एकटे उडा." मी तिला म्हणालो, मोठ्या कामात नुकसान होतंच. संध्याकाळी ताटात भाजी नव्हती.

७ एप्रिल, सोमवार

दोन्ही प्लग बदलले. सकाळी चाचणी, दीड मिनिट एकदम फर्स्टक्लास. निदान बरोबर निघालं म्हणून खाली उतरून चहा घेतला. चहानंतर पुन्हा लावलं तर अर्ध्या मिनिटात मिस.

प्लग डुप्लिकेट असणार.

८ एप्रिल, मंगळवार

दोन्ही कार्बोरेटर उघडले. जेट फुंकून साफ केले. त्याआधी टाकी उघडून काडी बुडवून पेट्रोल मोजलं. शेजारच्या वावरातला कचरू दोन दिवसांपासून विमानाभोवती फार रेंगाळतो, त्याच्या मोटरसायकलचा मला संशय आहे. पेट्रोल तेवढंच होतं. पॉलिथिन पुन्हा आवळून बसवलं.

चाचणी. दीड मिनिट सुरेख. मग मिस.

म्हणजे सकाळी काय करतो ते बरोबर असतं, नंतर बिघडतं. निष्कर्ष: कोणाची तरी नजर लागते. लिंबू-मिरची बांधली. पंख्यापासून लांब बांधायला हवी होती. मिरची कचरूच्या डोळ्यात गेली. हे काही ठरवून केलेलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

९ एप्रिल, बुधवार. दुपारी २

आज इंजिनाला सुट्टी. मेहकरला जाऊन पॉम्प्लेट छापायला टाकले. दोन हजार. मजकूर माझाच:

'जाहीर निषेध! जाहीर निषेध!! जाहीर निषेध!!! श्री. इंद्रभान याने ज्येष्ठ साडूस किलबिलमध्ये घालून समस्त ज्येष्ठ साडूंचा अपमान केला आहे. ज्यास स्वतःच्या साडूचे वय समजत नाही त्यास सोयरीक काय समजणार? एक स्वाभिमानी ज्येष्ठ साडू.'

खाली नाव टाकलं नाही. ओळखू येऊ नये म्हणून.

कल्पना अशी: मंगलाष्टकं सुरू. वऱ्हाडी अक्षता घेऊन उभे. वरून घरघर. सगळे वर पाहतात. मी. मग दोन हजार कागद हळूहळू खाली. इंद्रभान एक उचलतो, वाचतो, चेहरा उतरतो. मी एक चक्कर जास्तीची मारतो. आज जेवण चांगलं गेलं.

११ एप्रिल, शुक्रवार

पेट्रोल बदललं. फिल्टर पुन्हा धुतला. पंख्याच्या पात्यांचा कोन तपासला. वायरिंग सगळं काढून पुन्हा लावलं, दोन वायरी उरल्या त्या डब्यात ठेवल्या. पुन्हा काढून जिथल्या तिथे लावल्या. रोज सकाळी काडीने पेट्रोल मोजतोच.

चाचणी: दीड मिनिट.

कुलदीपला फोन केला. तो म्हणाला, काका, कंपनीच्या माणसाला विचारू का? मी स्पष्ट सांगितलं, गरज नाही, शेवटच्या टप्प्यात आहे. कंपनीचा माणूस यायचा आणि म्हणायचा मीच केलं. असे लोक मी चांगले ओळखून आहे.

सौ. म्हणाली, "तुमच्याच्यानं नाही होऊन राह्यलं तं भाऊजींले दाखवा. त्यायचा पाण्याच्या मोटारीचा धंदा हाय, काही तरी समजत असन." ज्याच्यावर बॉम्ब टाकायचा त्यालाच बॉम्ब दुरुस्त करायला बोलवा! हिला मी योजना सांगितलेली नाही, हे बरंच केलं.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ९

इंद्रभान आला होता. पत्रिका घेऊन.

लिहायला हात वळत नाही, पण रोजनिशीत खरं लिहायचं हा माझा नियम आहे. तो आला, पत्रिकेला हळदकुंकू लावून माझ्या हातात दिली, पाया पडला. मग विमानाकडे गेला. मी चाचणीच्या तयारीत होतो. म्हणाला, "काऊन भाऊ, काय तकलीफ देऊन राह्यलं?" मी म्हणालो, काही नाही, किरकोळ. त्याने मला न विचारता टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने हुस्स करून श्वास घेतला. इंद्रभानने पॉलिथिन दोन बोटांनी काढलं आणि उन्हात धरलं.

म्हणाला, "भाऊ, झाकनाले हे बारीक भोक हाये नं, ते हवा आत जायाले असते. तुमी तेच बुजवलं. पेट्रोल खाली जाईन तशी वरून हवा पाह्यजे. हळू चालते तवा भागते, लोड आला का मंग त्याले पेट्रोलच भेटत नाही."

पॉलिथिन खिशात घालून त्याने झाकण लावलं. मी फुल रेस दिली. एक मिनिट. दोन. पाच. दहा. कडुनिंब मुळासकट येतो की काय असं झालं. इंजिन हसत होतं.

इंद्रभान म्हणाला, "तुमी समदं बराबर केलं होतं भाऊ. एवढंच राह्यलं होतं." ही त्याची बोलायची पद्धत. सरळ शिवी दिली असती तर चाललं असतं.

१२ एप्रिल. दुपारी १

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. मी उद्या ते पॉलिथिन काढून बघणारच होतो. झाकणापर्यंत माझं निदान आलंच होतं. आठ दिवस मी बाकी सगळं तपासून बाद केलं म्हणून त्याला झाकणच उरलं. नऊ दरवाजे मी ठोठावले, दहावा उघडाच होता, त्यातून तो शिरला.

पत्रिका पाहिली. 'निमंत्रक' खाली पहिलं नाव माझं आहे. ठळक टाइपात.

हा डाव आहे. मी विरघळणार नाही. त्या वेळचा अपमान तसाच आहे, पत्रिका नवी छापली म्हणून जुनी पुसली जात नाही. उलट आता बदला दुप्पट: एक किलबिलचा, एक पॉलिथिनचा.

१४ एप्रिल, सोमवार

कुलदीप आला. विमान घेऊन एकटाच वर फिरून आला, वीस मिनिटं. खाली उतरून म्हणाला, काका, नव्यासारखं झालं, काय होतं? मी म्हणालो, हवेचा प्रॉब्लेम. खोटं नाही.

मग त्याने मला धान्याच्या काट्यावर उभं केलं. त्र्याण्णव. तोंड वाकडं केलं. मागच्या सीटवर सामान धरून नव्वद चालतं, त्यात एप्रिलची गरम हवा, त्याहून एक किलो जास्त घेणार नाही म्हणाला. पॉम्प्लेट पाच किलो. म्हणजे मी पंच्याऐंशी पाहिजे. सहा दिवसांत आठ किलो.

त्यात काय एवढं. राग असला की वजन आपोआप उतरतं.

संकल्प: आजपासून फक्त ताक.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी ताक. दुपारी ताक. चार वाजता संजीवनीने अपेक्षाच्या हाती बुंदी पाठवली. पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "मोठे बाबा, तुमी इमानातून फुलं टाकसान म्हने? मी समद्यायले सांगतलं." बुंदी खाल्ली. पोरीसमोर नाही म्हणता येत नाही.

कोणी सांगितलं तिला? कुलदीपने. आता फुलंही न्यावी लागणार. वर फुलं, खाली पॉम्प्लेट, असं पोतं भरता येईल. पोरीलाही समाधान, मलाही.

१७ एप्रिल, गुरुवार

वजन एक्क्याण्णव. काटा जुना आहे, थोडं जास्तच दाखवतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

कुलदीप म्हणतो, उड्डाण रविवारी सकाळी आठलाच. नंतर ऊन तापलं की हवा उसळते, तो जात नाही. मी म्हणालो, अरे, लग्न साडेबाराचं आहे, वऱ्हाड वरवट बकालहून अकराला येणार, आठ वाजता मांडवात कोण असेल? म्हणाला, आचारी असतील.

खूप वाद घातला. शेवटी मान्य केलं. इंद्रभान तर असेल ना. मला तोच हवा आहे. बाकीचे ऐकून घेतील.

१९ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ६

आज दुपारी हळदीचं जेवण, इंद्रभानकडे. वजन नव्वद होतं, उद्यापर्यंत पाच उतरवायचं होतं, म्हणून फक्त हजेरी लावायची असं ठरवून गेलो.

पण पंगतीत बसलो आणि डोकं फिरलं. वरण-बट्टी, तुपात बुडवलेली, आणि वांग्याची भाजी. इंद्रभान स्वतः वाढत होता. सगळ्या पंगतीला सांगत होता, "आमचे उत्तमभाऊ उद्या पोरीसाठी आभायात जाऊन राह्यले." लोक माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, याचं अन्न सोडणं म्हणजे याचा फायदा करणं. याला जेवढं कमी पडेल तेवढा आपला विजय. मी बट्टी मागितली. त्याने दोन वाढल्या. मी आणखी मागितली. तो वाढत गेला, मी संपवत गेलो. चौदापर्यंत मोजल्या. मला त्याच्या कपाळावर घाम पाहायचा होता. घाम मलाच आला.

आग्रहाने पाच बुंदीचे लाडू. शेवटी त्याच्याकडचं तूप संपलं, असं आचारी म्हणाला. हा पहिला विजय. उद्या दुसरा.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ७.२०

काटा: पंच्याण्णव.

कुलदीपने दोनदा पाहिलं. चप्पल काढून पाहिलं. घड्याळ, पाकीट, चष्मा काढून पाहिलं. मी श्वास सोडून उभा राहिलो. पंच्याण्णव.

म्हणाला, "काका, इंजिन एक नंबर हाये. पन तुमाले घेऊन नाही उडनार." मी म्हणालो, मग हे पोतं एकटंच घेऊन जा. म्हणाला, विमान वळवायचा दांडा दोन हातांनी धरावा लागतो, फुलं टाकायला मागे माणूस पाहिजेच, हलका.

सौ. आंघोळ करून, नवी साडी नेसून मांडवाकडे निघाली होती. काट्यावर उभी राहिली. सेहेचाळीस.

मी म्हणालो, तुला भीती वाटेल. म्हणाली, "तुमच्यासंगं तीस वर्सं राह्यली." हेल्मेट घातलं.

मग तिने पोतं उघडलं. वरची फुलं टोपलीत काढली. खालचा एक कागद उचलला, पर्समधून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या अख्खा वाचला. तीनही 'जाहीर निषेध' वाचले. मी दुसरीकडे पाहत होतो. मला म्हणाली, "हे वरून कायले टाका लागते? भाऊजी तिकडं मांडवात उभे हायेत. हातात द्या नं जाऊन."

बाकीचा गठ्ठा कडुनिंबाखाली ठेवला, वर वीट ठेवली आणि टोपली मांडीवर घेऊन बसली.

२० एप्रिल. संध्याकाळी ५

सगळं रीतसर पार पडलं. क्रमाने लिहितो.

सौ.चं म्हणणं मला पटलं. समोरासमोर देण्यातच मर्दपणा. एक पॉम्प्लेट वरच्या खिशात घालून मांडवात गेलो. मांडवात आचारी, त्याची माणसं आणि इंद्रभान. इंद्रभान कमरेवर हात ठेवून आचाऱ्यावर ओरडत होता, तूप कसं संपलं म्हणून. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून. कागद काढणार तेवढ्यात घरघर आली.

इंजिनाचा आवाज म्हणजे काय सांगू. एक ठोका चुकला नाही. बत्तीस वर्षांत इतकं स्वच्छ चाललेलं इंजिन मी ऐकलं नव्हतं. विमान मांडवाच्या कडेने वळलं. लाल साडी दिसली. एक फेरी झाली, अर्धी टोपली मांडवावर गेली. दुसऱ्या फेरीला ते खाली आलं आणि उरलेली टोपली एकाच जागी रिकामी झाली. शेवंती, झेंडू, गुलाबाच्या पाकळ्या. सगळं इंद्रभानच्या डोक्यावर. माझ्यावर एक पान पडलं, तेही कढीपत्त्याचं निघालं, आचाऱ्याचं.

इंद्रभान तिथेच उभा राहून रडायला लागला. मुलगी जाणार म्हणून आठ दिवस धरून ठेवलं होतं, म्हणाला. डोळे पुसले आणि अनाउन्सरसाठी मानाच्या नावांची यादी लिहायला कागद शोधू लागला. माझ्या खिशातला दिसला, तो काढून घेतला. पाठीमागून कोरा होता. गुडघ्यावर ठेवून लिहिलं. पहिलं नाव माझं. दुपारी माइकवरून तेच वाचलं गेलं, उत्तमराव, गावातले ज्येष्ठ विमान इंजिन तज्ज्ञ. मागची बाजू कोणी पाहिली नाही. दोन हजारांतला एक कामी आला, तोही पाठीकडून.

लग्न झालं. अपेक्षा गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. मीही थोडा. धूळ फार होती.

आत्ता सौ. ओसरीवर बसली आहे. सकाळपासून पहिल्यांदा शांत बसली. म्हणाली, वरून सगळं एवढंएवढंसं दिसतं. मी विचारलं, मी दिसलो का? म्हणाली, "दोन टकले दिसले. दोघंयबी कमरेवर हात ठेवून. एक मान हालवू हालवू लोकायवर खेकसून राह्यला होता. म्हटलं, हेच आपले. अर्धी टोपली खास तुमच्यासाठी ठेवली होती. पडली नं बराबर? तीस वर्सांत तुमाले कोनी हार नाही घातला, म्हटलं आपनच घालावं."

मी सांगितलं, बरोबर माझ्यावरच पडली. भिजल्यासारखा झालो. ती खूश होऊन आत चहा ठेवायला गेली आहे.

इंद्रभान मात्र मांडवात सगळ्यांना सांगत सुटला होता की फुलं त्याच्यावर पडली. उद्या संजीवनीला सांगेल, संजीवनी हिला. चहा झाला की त्याच्याकडे जाऊन यावं लागेल. फुलं माझ्यावर पडली असं त्यानेही सांगावं, एवढी विनंती करायची आहे.